वाचकांचे प्रश्न : अहवाल एकाचा, माहिती घराची

जनुकीय चाचण्या, कृत्रिम गर्भधारणा आणि मोबाइलवर नांदणारे कुटुंब यांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून गावे आणि काही तपशील बदलले आहेत. पत्रांचे विषय वेगवेगळे असले तरी त्यांतील पेच बहुधा एकच आहे. चाचणी एक माणूस करतो, पण तिचा अहवाल त्याच्या आईवडिलांविषयी, भावंडांविषयी आणि मुलांविषयीही बोलतो. सातबाऱ्यावरील सामाईक जमिनीसारखी ही मिळकत आहे. एका हिस्सेदाराने परस्पर व्यवहार केला तरी बाकीच्यांची नावे त्यात येतातच. म्हणून 'चाचणी करावी का' या प्रश्नाआधी 'तिच्यातून आणखी कोणाची गोष्ट उघड होईल' हा प्रश्न विचारला जावा, असे मला वाटते.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सिकलसेलचा आजार असल्याचे जिल्हा रुग्णालयात सांगितले. त्यानंतर गावातील शिबिरात आम्हा दोघांचे रक्त तपासले. मी वाहक निघाले, मात्र पतींचा अहवाल निगेटिव्ह आला. हा आजार आई आणि वडील अशा दोघांकडून यावा लागतो, असे शिबिरात कोणीतरी बोलले आणि तेव्हापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणे सोडले आहे. धाकटे दीर म्हणतात, डीएनए चाचणी करून सोक्षमोक्ष लावा. पती काहीच बोलत नाहीत आणि तेच मला जास्त लागते. मी काय करू? (एक भगिनी, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : ताई, डीएनए चाचणीचा विचार सध्या पूर्णपणे बाजूला ठेवा. त्याआधी एक साधी तपासणी राहून गेली आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्यातच मिळेल.

शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी नावाची प्राथमिक चाचणी होते. रक्तात 'एस' प्रकारचे हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच ती सांगते. बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक, म्हणजे दोनपैकी एकच सदोष जनुक असलेला माणूस, तिला ओळखता येत नाही. अशा माणसाचा अहवाल निगेटिव्हच येतो. आता समजा, तुमचे पती बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. मुलाला तुमच्याकडून सिकलचे जनुक आणि वडिलांकडून थॅलेसेमियाचे जनुक मिळाले, तर त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया हा आजार होतो. त्याची लक्षणे सिकलसेलसारखीच असतात आणि काही वेळा प्रयोगशाळेचा अहवालही 'एसएस'सारखाच, म्हणजे दोन्ही जनुके सिकलची असल्यासारखा, दिसतो. म्हणजे आजार दोघांकडूनच आलेला असतो. फक्त वडिलांचा वाटा शिबिरातील चाचणीला दिसत नाही.

यासाठी तुम्हा तिघांचीही एचपीएलसी ही, रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी, तपासणी करून घ्यावी. तिच्यात एचबीए२ या घटकाचे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांहून अधिक आले, तर माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक असल्याचा संशय पक्का होतो. जिल्हा रुग्णालयातील सिकलसेल विभागात याची चौकशी करा. मुलाला अलीकडे रक्त चढवले असेल तर तसे आधी सांगा, कारण त्यामुळे आकडे बदलतात. शिबिराच्या गर्दीत नमुन्यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून पतींचे रक्त नव्याने घेतलेले बरे. आणखी एक गोष्ट दिरांच्या कानावर अवश्य घाला. पती थॅलेसेमियाचे वाहक निघाले, तर दिरांनीही तीच तपासणी करून घ्यायला हवी, कारण सख्ख्या भावातही ते जनुक असण्याची शक्यता निम्मी असते. सोक्षमोक्ष लावायचा तर तो त्यांच्याही रक्तापर्यंत जातो.

रक्ताच्या अहवालावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणे आपल्याकडे नवे नाही. मूल 'ए' किंवा 'बी' गटाचे आणि आईवडील दोघेही 'ओ' गटाचे, म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड, असे समजणारी माणसे आजही भेटतात. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधून काढला, ज्याला जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. या गटाचा माणूस नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण 'ए' किंवा 'बी' गटाचे जनुक त्याच्यात दडलेले असू शकते आणि ते मुलात प्रकट होते. ज्या शहराचे नाव त्या रक्तगटाला मिळाले, त्या शहराच्या राज्यात तरी ही माहिती घरोघरी असायला हवी होती.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच औरस अपत्य आहे, असे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ११६ मानते. पूर्वीच्या १८७२ च्या कायद्यात हेच कलम ११२ होते. पतिपत्नींचा गर्भधारणेच्या काळात संबंध येणेच शक्य नव्हते, हे सिद्ध केल्याखेरीज हे गृहीतक ढळत नाही. पुण्यातील एका दांपत्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, पतीने संशय घेतला एवढ्यावरून मुलाच्या डीएनए चाचणीचा आदेश देता येत नाही, कारण मुलालाही खासगीपणाचा हक्क आहे. नागपूरच्या एका प्रकरणात, २०१४ साली, याच न्यायालयाने प्रत्यक्ष झालेल्या चाचणीचा निष्कर्ष कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचढ मानला होता, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे चाचणी एकदा झाली की तिचे उत्तर पुसता येत नाही. दिरांच्या आग्रहाखातर ती होऊ देऊ नये, यासाठी हे एक कारण पुरेसे आहे.

पतींच्या मौनाबद्दल मात्र कलमे उपयोगाची नाहीत. त्यांना तपासणीला नेताना 'तुमच्यावरचा' किंवा 'माझ्यावरचा' संशय दूर करायला चाललो आहोत, असे म्हणू नका. मुलाला नेमका कोणता आजार आहे हे कळल्याशिवाय त्याच्या औषधोपचाराची दिशा ठरत नाही, हे खरे कारण सांगा. अहवाल आला की डॉक्टरांना विनंती करून तो सासूबाईंच्या समोर समजावून घ्या. एचपीएलसीतही काही आढळले नाही, तर विरळ प्रकारांसाठी जनुकीय समुपदेशकाकडे जावे. पण तोपर्यंत कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने हौसेने लाळेची डीएनए चाचणी केली. संकेतस्थळाने त्याला कॅनडातील एका अनोळखी मुलीशी सुमारे सहा टक्के जुळणी दाखवली आणि ती 'सावत्र मामे-मावस बहीण' असावी असे सुचवले. म्हणजे माझ्या वडिलांचे दुसरे घर होते, असा अर्थ मुलाने काढला आहे. वडील जाऊन बारा वर्षे झाली; आई ८१ वर्षांची आहे. मुलगा म्हणतो, आजीला विचार. माझी एकुलती आत्या माझ्या सख्ख्या मामांना दिली होती. पण जमिनीच्या वाटणीवरून बिनसल्यामुळे त्या घराशी आमचे चाळीस वर्षे येणे-जाणे नाही, एवढेच सांगण्यासारखे आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : जे तुम्ही 'एवढेच' म्हणून शेवटी लिहिले आहे, तेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर असण्याचा मोठा संभव आहे.

सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सामाईक असतो. सावत्र भावंडांत तो २५ टक्के आणि त्यांच्या मुलांमध्ये आपसांत सव्वासहा टक्के असतो. संकेतस्थळाने सहा टक्के पाहिले आणि सावत्र नाते सुचवले, ते या गणितानुसार. पण साटेलोटे झालेल्या घरांत हे गणित फसते. तुमची आत्या आणि मामा यांची मुले तुमची आतेभावंडेही आहेत आणि मामेभावंडेही. त्यामुळे त्यांच्याशी तुमचा सामाईक डीएनए साडेबाराच्या दुप्पट, म्हणजे २५ टक्के होतो, अगदी सावत्र भावंडांइतका. पुढच्या पिढीत, तुमचा मुलगा आणि त्यांची मुले यांच्यात, सव्वासहा टक्के उरतो. कॅनडातील ती मुलगी तुमच्या आत्या-मामांची नात असेल, तर आकडा तंतोतंत जुळतो आणि तुमच्या वडिलांवर कसलाही आळ येत नाही. ही संकेतस्थळे ज्या समाजांना समोर ठेवून उभी राहिली, तेथे साटेलोटे फारसे होत नाही, मामाच्या मुलीशी लग्नही होत नाही. आपल्याकडे शतकानुशतके जातीतल्या जातीत आणि ओळखीच्या घरांत सोयरिकी झाल्या, त्यामुळे टक्केवारीवरून नाते ओळखताना सावध राहावे लागते.

खात्री करण्याचा मार्ग आजीकडून जात नाही. ती मुलगी केवळ तुमच्या वडिलांकडून नात्यातली असेल, तर तुमच्या आईच्या माहेरच्या माणसांशी तिची जुळणी दिसणार नाही; साटेलोट्यातली असेल, तर दोन्ही घरांच्या माणसांशी दिसेल. मुलाच्या यादीत तुमच्या आजोळचे कोणी असेल तर त्याने ते पाहावे. नाहीतर तिला सरळ पत्र लिहून तिच्या आजीचे माहेरचे नाव विचारावे, कारण तेवढ्याने काम होईल. ८१ वर्षांच्या बाईंना नवऱ्याच्या 'दुसऱ्या घरा'बद्दल, तेही एका चुकीच्या अंदाजावरून, विचारण्याची गरज नाही.

मुलाला आणखी एक गोष्ट सांगा. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरट्यांनी दुसरीकडून मिळालेल्या पासवर्डनी उघडली. पण 'नातेवाईक दाखवा' या सोयीमुळे त्या १४ हजारांमार्गे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतील बहुतेकांच्या खात्याला कोणी हातही लावला नव्हता. त्यांच्या कोणा नातलगाचे कुलूप कच्चे होते, इतकाच त्यांचा दोष. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे काय होणार, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. मुलाने खात्याला दुहेरी सुरक्षा लावावी, आणि नातेवाईक शोधण्याची सोय सुरू ठेवायची असेल तर ती तुम्हाला विचारून ठेवावी. लाळ त्याची असली तरी तिच्यातला निम्मा डीएनए त्याला तुमच्याकडून मिळाला आहे.

त्याला 'आपण मूळचे कोण' याची टक्केवारीही मिळाली असेलच. ती हाती असलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते आणि नमुने वाढले की आकडे बदलतात. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या बाबतीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे त्यांच्या जनुकांत सापडले. परंतु इस्रायलमध्ये त्यांच्या ज्यू असण्यावर घेतलेल्या शंकांचा निकाल त्यांनी १९६४ मध्येच, आंदोलन करून, लावून घेतला होता. प्रयोगशाळा तेथे अर्धशतक उशिरा पोचली.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. माझ्या आजारपणामुळे दात्रीचे स्त्रीबीज घेऊन आयव्हीएफ केले होते. मी, माझे पती आणि माझ्या जाऊबाई यांच्याखेरीज हे कोणाला माहीत नाही. शाळेत 'मी कोणासारखी दिसते' असा प्रकल्प दिला, तेव्हा मी गडबडून गेले. तिला सांगावे का? सांगितले तर ती मला आई मानील का? आणि ती दात्री कधी हक्क सांगायला आली तर? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : तिला सांगावे, आणि मोठी होण्याची वाट न पाहता सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी शेवटच्या भीतीचे निराकरण करू. सहाय्यक जनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. या तंत्राने जन्मलेले मूल उपचार घेणाऱ्या दांपत्याचेच मानले जाईल आणि दात्याचा मुलावर कोणताही हक्क राहणार नाही, असे त्यात म्हटले आहे. तुमच्या मुलीचा जन्म त्याआधीचा आहे, तरी काळजीचे कारण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर जुळ्या मुलींचे एक प्रकरण आले होते. त्यात पत्नीच्या सख्ख्या बहिणीने स्त्रीबीज दिले होते, मुलींचा जन्म कायद्यापूर्वी झाला होता आणि पतीचे म्हणणे होते की, बहीणच मुलींची जैविक आई असल्याने पत्नीचा हक्क नाही. न्यायालयाने कृत्रिम गर्भधारणेविषयीच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे ते फेटाळले आणि स्त्रीबीज दिल्याने आईपणाचा हक्क मिळत नाही, असे सांगून पत्नीला मुलींना भेटण्याची मुभा दिली. तुमच्या बाबतीत तर दात्री तुम्हाला अपरिचित आहे.

आता सांगण्याविषयी. हे गुपित तीन माणसांकडे आहे, म्हणजे ते फार काळ टिकणारे नाही. दोन जावांमधील एखाद्या भांडणात ते बाहेर पडले, तर मुलीला ती गोष्ट शिवीसारखी ऐकू येईल. उद्या ती शिकायला परदेशी गेली आणि वरच्या पत्रातील मुलासारखी हौसेने चाचणी करून बसली, तर तिला ते वसतिगृहाच्या खोलीत एकटीने कळेल. शिवाय दवाखान्यात 'आईकडे कोणाला मधुमेह, कोणाला स्तनाचा कर्करोग?' असे विचारले जाते, तेव्हा ती आयुष्यभर चुकीची उत्तरे देत राहील.

तिला सांगताना तुम्ही दोघांनीही हजर असावे आणि तो प्रसंग फार गंभीर करू नये. आम्हाला मूल हवे होते, माझ्या शरीरात बीज तयार होत नव्हते, एका बाईंनी ते दिले, डॉक्टरांनी तुझ्या वडिलांच्या बीजाशी ते जुळवले आणि तू माझ्या पोटात वाढलीस, एवढे नऊ वर्षांच्या मुलीला समजते. तिने प्रश्न विचारला तर उत्तर द्या. विचारला नाही तर पुन्हा कधीतरी सहज विषय काढा. त्याआधी जाऊबाईंना तुमचा निर्णय कळवा, म्हणजे त्या गुपितातील त्यांचा वाटा संपेल. काही ठिकाणी 'नऊ महिन्यांत आईची जनुके बाळात उतरतात' असे सांगून बायकांचे समाधान केले जाते. ते खोटे आहे. गर्भावस्थेतील आहार, आजार आणि ताण यांचा बाळावर परिणाम होतो, पण त्याच्या जनुकांचा मूळ मजकूर बदलत नाही. तुमच्या आईपणाला अशा खोट्या आधाराची गरज नाही, आणि मुलगी जीवशास्त्र शिकेल तेव्हा ते खोटे उघडे पडेल.

एक काम मात्र याच महिन्यात करा. तुम्ही जेथे उपचार घेतले, तेथे दात्रीचा रक्तगट, वय आणि वैद्यकीय इतिहास यांची नोंद लेखी मागा. नव्या कायद्यानुसार दवाखान्यांना अशा नोंदी किमान दहा वर्षे ठेवून नंतर राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपवाव्या लागतात. त्यापूर्वीच्या नोंदींची अवस्था दवाखान्यागणिक वेगळी असू शकते आणि दवाखाने बंदही पडतात. दात्रीचे नाव तुम्हाला मिळणार नाही. स्वीडनने १९८५ पासून आणि ब्रिटनने एप्रिल २००५ पासून प्रौढ झालेल्या मुलांना दात्याची ओळख मिळण्याचा हक्क दिला. आपल्या कायद्याने दांपत्याच्या आणि दात्याच्या गुप्ततेचा विचार केला, मुलाच्या जिज्ञासेचा केला नाही. ही उणीव मला मोठी वाटते. ही मुले वीस-पंचवीस वर्षांची झाली की तीच हा प्रश्न न्यायालयात घेऊन जातील.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे आणि मला संस्थेतून दत्तक घेतले होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. जन्मदात्या आईचा शोध घ्यावा असे आता वाटते. त्यासाठी डीएनए संकेतस्थळाचा उपयोग होईल का? आईबाबा 'तुझी मर्जी' म्हणतात, पण दुखावलेले दिसतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डीएनए संकेतस्थळावर तुमची जुळणी तेथे आधीपासून नोंद असलेल्या माणसांशीच होते आणि भारतातील फार थोड्या लोकांची नोंद तेथे आहे. जुळलेच तर परदेशात गेलेले एखादे दूरचे भावंड जुळेल आणि तुमच्या जन्मदात्रीचे गुपित तिच्या नकळत एका तिऱ्हाइताच्या हाती जाईल. त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, यांच्या २०२२ च्या नियमांत मूळ शोधाची तरतूद आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते; तिच्या वतीने तिसऱ्या कोणाला तो शोध घेता येत नाही. मात्र जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाधा येणार नाही, अशी त्यात अट आहे. त्यामुळे पत्ता न मिळता केवळ तेव्हाची परिस्थिती आणि कारणे कळतील, अशीही शक्यता आहे. तेवढ्यावर आपले समाधान होईल का, हे अर्ज करण्यापूर्वी स्वतःला विचारा.

आईबाबांना अर्ज दाखवा. परवानगीसाठी नव्हे, तर त्यांना बाजूला टाकले नाही हे कळावे म्हणून. पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. यशवंताला आपली जन्मकथा ठाऊक होती, तरी तो फुल्यांचाच मुलगा राहिला, डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णांसाठी राबला. त्याच्या हक्कावर हरकत घेतली ती भाऊबंदांनी. तुमच्या घरात तसा कोणी नसावा, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

प्रश्न : मुलगा आणि सून म्युनिकला असतात. नातवाचे फोटो मी आमच्या ८६ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले म्हणून सून नाराज झाली. आपल्याच माणसांपासून काय लपवायचे? (एक आजी, पुणे)

उत्तर : आजी, तुमची माया कळते; पण ८६ फोन म्हणजे ८६ गॅलऱ्या, तितक्याच ठिकाणच्या साठवणी, आणि पुढे पाठवले जाण्याचे असंख्य मार्ग. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे तुमच्यात आणि सूनबाईंत तो निवाडा करणार नाही. निर्णय आईवडिलांचा, असे मी म्हणेन. दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि मुलाचे आईवडील असा सहा जणांचा वेगळा ग्रुप करा. तेथे सूनबाई स्वतःच रोज फोटो टाकतील. मोठ्या ग्रुपवर काही टाकायचे असेल तर त्यांना आधी दाखवा. बारशाच्या आमंत्रणासोबत जन्मतारीख, जन्मवेळ आणि संपूर्ण नाव असलेली पत्रिका तुम्ही ग्रुपवर पाठवली असेल, तर 'सर्वांसाठी हटवा'ची मुदत आता टळून गेलेली असणार. यापुढे पत्रिका लागेल ती गुरुजींना, वेगळी पाठवा.